शाडूचा गणपती कोणत्या दालनात ठेवायचा?

बडोद्यातल्या मराठी मंडळाच्या प्रदर्शनासाठी तुम्ही सभासदांच्या घरांतून वस्तू जमवल्या आहेत. सभागृहात दोन दालने आहेत. एकावर ‘कला’ आणि दुसऱ्यावर ‘हस्तकला’ अशी पाटी लागणार आहे, आणि सहा वस्तूंपाशी समितीचे घोडे अडले आहे: शाडूचा गणपती, संखेड्याचा लाखकामाचा पाळणा, रविवर्मा छापखान्यातली लक्ष्मी, देवघरातली ओतीव अन्नपूर्णा, पाटणचे पटोळे म्हणजे रेशमी साडी, आणि फाइन आर्ट्सला शिकणाऱ्या एका मुलीचे तैलचित्र. तैलचित्र सोडले तर कशावरच एकमत होत नाही. निकष कोणता लावायचा, असे तुम्ही विचारले आहे.

आधी उत्तर देतो, मग कारणे. दोन दालने करूच नका. सहाही वस्तू एका ओळीत मांडा आणि प्रत्येकीच्या पाटीवर एक गोष्ट ठळक लिहा: ही वस्तू घडताना करणाऱ्याचा हात कुठे मोकळा होता आणि कुठे बांधलेला होता. हे शोधायला प्रत्येक पायरीवर दोन प्रश्न विचारायचे. इथे काय करायचे ते आधीच ठरलेले होते का? आणि इथे हात चुकला तर परतीची वाट होती का? हे दोन प्रश्न घेऊन बसलात की ‘कलाकार की कारागीर’ हा वाद बाजूला पडतो आणि वस्तू स्वतः बोलायला लागते.

बडोद्याच्या माणसाला हे पटवायला फार लांब जावे लागत नाही. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन काढले. आज त्या आवारात इंजिनिअरिंग शिकवतात, त्यामुळे बाहेरून आलेल्या माणसाला नाव कोड्यात टाकते. पण नाव चुकलेले नाही. पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्राचे जाणकार होते. कापड रंगवणे, सुतारकाम, यंत्रकाम आणि ड्रॉइंग हे सगळे तिथे एका छपराखाली शिकवले जाई, आणि त्या सगळ्याला मिळून ‘कला’ म्हणत. दादासाहेब फाळके तिथे शिकले. चित्र, छपाई, छायाचित्रण आणि रसायन यांची जी सांगड त्यांच्या कामात पुढे दिसते, ती त्या अर्थाच्या कलेचीच आहे. फाइन आर्ट्सची फॅकल्टी आली 1950 मध्ये, विद्यापीठ झाल्यावर. म्हणजे साठ वर्षांच्या अंतराने एकाच गावात ‘कला’ या शब्दाची दोन घरे झाली आणि रंगारी एका घरी, चित्रकार दुसऱ्या घरी गेला. संस्थानात गवई, वादक आणि नर्तकी यांचे खाते वेगळे होते, त्याचे नाव ‘कलावंत कारखाना’. तेव्हा कारखाना या शब्दाने कलावंताचा अपमान होत नसे.

त्याही मागे गेलात तर वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांच्या यादीत चित्र काढणे आहे, तसेच सुतारकाम, शिवणकाम, हार गुंफणे आणि वास्तुविद्याही आहे, आणि त्यांत वरचे-खालचे काही नाही. संस्कृतातला ‘शिल्प’ हा शब्दही दोन्हींना पुरतो. युरोपातही फार वेगळे नव्हते. फ्लॉरेन्समधले चित्रकार वैद्य आणि औषधी विकणाऱ्यांच्या संघात मोडत, कारण रंगाची पूड मिळे ती औषधवाल्याकडे. तिथे 1563 मध्ये चित्रकार-शिल्पकारांची अकादमी निघाली, आणि चित्रकला, शिल्प, संगीत, काव्य यांची ‘ललित कला’ म्हणून एक मोळी बांधली गेली ती तर अठराव्या शतकात.

सगळ्यात बोलके उदाहरण जपानचे आहे. तिथल्या भाषेत ‘ललित कला’ असा वेगळा शब्दच नव्हता. 1873 च्या व्हिएन्ना प्रदर्शनात कोणती वस्तू कोणत्या वर्गात मांडायची याची जर्मन यादी समोर आली, तिचे भाषांतर करताना ‘बिजुत्सु’ हा शब्द घडवावा लागला. तुमच्या समितीपुढे आहे तीच अडचण होती: दालनाच्या पाटीवर काय लिहायचे. पन्नासएक वर्षांत त्याच देशात यानागी सोएत्सु आणि त्याच्या कुंभार मित्रांनी ‘मिंगेई’ म्हणजे लोकांच्या रोजच्या वापरातल्या वस्तूंची कला हा शब्द काढून ती भिंत पाडायला घेतली. पाटीसाठी केलेली विभागणी एकदा झाली की निस्तरायला पिढ्या लागतात, म्हणून ती करताना सांभाळावे.

आता वस्तूंकडे. लक्ष्मीपासून सुरुवात करतो, कारण समितीत ‘रविवर्मा म्हणजे कला’ एवढ्यावर ती पुढच्या दालनात गेली असणार.

रविवर्म्याने लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी चौदा पौराणिक चित्रे केली. ते काम महाराजांनी 1888 मध्ये दिले. बडोद्यातली त्याची मूळ तैलचित्रे आजही महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात पाहता येतात. घराघरांत पोचली ती मात्र छापील प्रत. 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला त्याचा छापखाना शिळाछपाईचा होता. चुनखडीच्या गुळगुळीत घोटलेल्या शिळेवर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचे. डिंकात थोडे नत्राम्ल मिसळून वरून द्यायचे, म्हणजे रेघ शाई धरते आणि उरलेली शिळा पाणी धरते. छापताना शिळा दर वेळी ओली करून मग शाईचा रूळ फिरवायचा. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा, आणि असल्या चित्राला दहा-बारा शिळा सहज लागत. आता बघा, लक्ष्मीच्या गालाचा रंग मूळ चित्रात ब्रशने एकात एक विरघळलेला आहे. शिळेवर तसे विरघळवता येत नाही. तिथे बसलेल्या माणसाने ठरवायचे की या गालात पिवळा किती, गुलाबी किती, करडा किती, आणि तेवढे बारीक ठिपके त्या-त्या शिळेवर उलटे, आरशातल्यासारखे ठेवायचे. सगळे ठिपके एकावर एक पडतील तेव्हा गाल होणार, तोवर डोळ्यांना काहीच दिसत नाही. एक शिळा अर्धा मिलीमीटर सरकली की ओठ दुहेरी दिसतात. तुमच्या प्रतीवर सही रविवर्म्याची असेल, पण समोर जो गाल दिसतो तो शिळेवर बसलेल्या, नाव न छापलेल्या माणसाने ठरवलेला आहे. त्याचा हात किती मोकळा होता ते त्या गालातच कळते.

यासोबत एक कामाची गोष्ट. प्रत खरोखर शिळाछपाईची आहे का ते आधी तपासा. दहापट मोठे दाखवणारे भिंग गालावर धरा. ठिपके लहान-मोठे, वेडेवाकडे, हाताने ठेवलेले दिसले तर शिळाछपाई. एकसारख्या जाळीत, फुलासारख्या गोल रचनेत बसलेले दिसले तर ती अलीकडची ऑफसेट प्रत आहे आणि पाटीवर तसे लिहायला हवे. साडीवर जर, टिकल्या, मणी चिकटवलेले असतील तर काढू नका. घरी आणल्यावर देवीला सजवण्याची ती रीत होती, आणि छापील प्रतीवरचे ते आणखी एक हाताचे काम आहे.

अन्नपूर्णेवर थोडा जास्त वेळ थांबतो, कारण ओतकामाबद्दल गैरसमज फार आहेत. लग्नात मुलीबरोबर दिलेली अन्नपूर्णा बहुतेक पितळेची असते. ती आधी उलटी करून बैठकीखाली आणि दोन्ही बाजूंनी पाहा. बाजूने उभी, कानसलेली रेघ दिसली आणि पृष्ठ वाळूसारखे खरबरीत असले तर ती दोन भागांच्या वाळूच्या साच्यातली आहे. कुठेही सांध्याची रेघ नसेल, हात, पळी आणि मांडी यांच्यामधली पोकळी आरपार असेल, तर मेणाची शक्यता जास्त. अशी पोकळी दुभंगणाऱ्या साध्या साच्यातून निघत नाही, अडकते.

मेणाच्या ओतकामात आधी पूर्ण मूर्ती मेणात घडते. मधमाशीचे मेण नुसते वापरले तर उन्हाळ्यात लवते, म्हणून त्यात राळ आणि थोडे शेंगदाण्याचे तेल घालतात. राळ वाढली तर रेघ धारदार उठते पण बोट वाकवताना तुटते, तेल वाढले तर नाक बसते. बडोद्याच्या मे महिन्यात आणि जानेवारीत प्रमाण एकच ठेवून चालत नाही. मूर्ती झाली की मेणाच्याच नळ्या जोडायच्या, त्या धातू आत येण्याच्या आणि हवा बाहेर जाण्याच्या वाटा. हवेची वाट बोटांच्या टोकाशी, पळीच्या टोकाशी, मुकुटाच्या शेंड्याशी हवीच, कारण हवा कोंडते ती तिथेच, आणि मग मूर्ती बोटांशिवाय बाहेर येते. मातीचा पहिला थर सायीसारखा, अगदी चाळलेल्या बारीक मातीचा, ब्रशने. मेणावरची प्रत्येक रेघ हाच थर उचलतो. तो सावलीत वाळला की दुसरा, मग भुसा-शेण घातलेला जाड तिसरा. उन्हात घाई केली की पहिला थर तडकतो, आणि ती तड मूर्तीच्या गालावर उभ्या रेघेसारखी उमटते.

नंतर साचा तापवून मेण काढून टाकतात. धातू किती लागेल ते मेण तोलून ठरते: मेणाच्या सुमारे नऊपट पितळ. 150 ग्रॅम मेणाला 1350 ग्रॅम, आणि नळ्या-तोंडासाठी आणखी निदान तिसरा हिस्सा. मध्येच धातू संपला तर वरून पुन्हा ओतून जुळत नाही. पितळातले जस्त 907 अंशांनाच उकळते, म्हणून तांबे आधी वितळवून जस्त शेवटी घालायचे आणि मुशीवर कोळशाची पूड पसरायची. पांढरा धूर उठला की जस्त उडून चालले आहे आणि रंग तांबूस होणार हे समजावे, आणि तो धूर छातीत जाऊ देऊ नये. साचा ओतताना गरम हवा. गार साच्यात धातू बारीक जागी पोचण्याआधीच गोठतो आणि दोन प्रवाह भेटले तिथे सांधा उघडा राहतो. ओलसर साचा त्याहून वाईट: पाण्याची वाफ होते आणि वितळलेला धातू तोंडावाटे उसळून अंगावर येतो.

हा सगळा भाग बांधलेल्या हाताचा आहे. इथे कोणी कल्पकता दाखवू नये. मोकळा हात मेणाच्या पायरीवर होता, आणि तिथेही मोजमाप ठरलेले असते: ताल म्हणजे चेहऱ्याची लांबी, बारा अंगुळे, आणि नवताल मूर्ती 108 अंगुळे. तामिळनाडूत स्वामीमलैचे स्थपती, म्हणजे परंपरेने मूर्ती घडवणारे, नारळीच्या पानाची पट्टी दुमडून ही मापे काढतात. मग मोकळे उरते काय? कमरेचा बाक किती द्यायचा, मान किती झुकवायची, खालच्या ओठाखाली अंगठ्याचा दाब किती. मापाने काढलेल्या दोन मूर्तींत एक बसलेली वाटते आणि दुसरी ठेवलेली वाटते, ते या तीन जागांमुळे. समितीला एकदा कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये घेऊन जा. बडोद्याच्याच अकोट्यात 1951 मध्ये सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती तिथे आहेत, पाचव्या-सहाव्या शतकापासून पुढच्या. चामरधारिणीसमोर उभे राहून बाक आणि मान एवढेच बघायला सांगा. कुठले दालन हा प्रश्न तिथे कुणी विचारणार नाही. त्या मूर्तींवर कोरलेल्या काही लेखांत मूर्ती अर्पण करणाऱ्यांची नावे आहेत. पण यावरून ‘आपल्याकडे घडवणारे नाव लावतच नसत’ असे पाटीवर लिहू नका, तेही खरे नाही. कर्नाटकात होयसळ देवळांवर दासोज, मल्लितम्म यांनी मूर्तीखाली स्वतःची नावे कोरून ठेवली आहेत.

एका मेणाची एकच मूर्ती होते. साचा फोडल्याशिवाय ती बाहेर येत नाही, आणि बिघडली तर मेणही गेलेले असते. उलट पॅरिसमध्ये रोदँसारख्या शिल्पकाराचे नाव असलेल्या कांस्यमूर्ती ओतशाळेतली माणसे ओतत आणि त्याचे संगमरवर त्याच्या हाताखालचे दगडकाम करणारे कोरत. तिथे घडवणारा कोण, हे विचारायचे धाडस दालनाच्या पाटीला होत नाही. घरच्या ओताऱ्याला मात्र हा प्रश्न पहिल्यांदा विचारला जातो. एवढा फरक मला खटकतो.

गणपतीचे काम अगदी उलट आहे. शाडूच्या बहुतेक मूर्ती साच्यात दाबून होतात. माती भिजवून, मळून, साच्यात सगळीकडे सारख्या जाडीने दाबायची. जाडी कमी-जास्त झाली की पातळ भाग आधी वाळतो, आकसतो आणि जाड भागापासून तुटतो, म्हणून भेगा जातात त्या मानेला, कानाच्या मुळाशी आणि हाताच्या सांध्याला. मातीत कापूस किंवा कागदाचा लगदा घातला तर ताण सहन होतो. पंख्याखाली वाळवायचे नाही. सावलीत, वरून ओलसर फडके टाकून हळूहळू. श्रावणातल्या दमट हवेत आठ-दहा इंचांच्या मूर्तीला दोन आठवडेही लागतात. आत ओल राहिली आणि वर रंग दिला की रंगाला पापुद्रे सुटतात. इथवर शंभर मूर्ती सारख्या असतात.

मग आखणी. रंगशाळेत रंग देणारे पाच असले तरी डोळे आखणारा बहुधा एकच असतो. चेहऱ्याचे पांढरे अस्तर आणि अंगाचा रंग पुरा वाळलेला असतो. ब्रश शून्य किंवा दोन शून्य नंबरचा, काळा रंग इतकाच पातळ की वाहेल पण पसरणार नाही. वरच्या पापणीची रेघ नाकाच्या बाजूने बाहेर, एका श्वासात. थांबलात तर तिथे गाठ दिसते. मग बुबुळ. पूर्ण गोल दिसले तर देव दचकल्यासारखा दिसतो, म्हणून वरचा साधारण चौथा हिस्सा पापणीखाली जायला हवा. मग काळी बाहुली, आणि शेवटी पांढरा ठिपका, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला, नाहीतर दोन डोळे दोन दिव्यांकडे बघतात. खरी कसोटी दुसऱ्या डोळ्याची. उजव्या हाताने काम करणाऱ्याला एक डोळा सोपा जातो आणि दुसरा उलटा येतो. जाणकार अशा वेळी मनगट वळवत नाहीत, पाट फिरवतात. नजर आरतीला बसलेल्या माणसावर, तीन-चार फुटांवर, किंचित खाली यायला हवी, म्हणून आखणारा मधूनमधून जमिनीवर बसून बघतो. आठ इंचांच्या मूर्तीत बाहुली एक मिलीमीटर सरकली की देव तिरळा. पुसायला गेलात तर अस्तर निघते आणि चेहरा पहिल्यापासून करावा लागतो.

साच्यातून निघालेल्या शंभर मूर्तींतून घरची बाई एकीसमोर थांबून म्हणते, हीच न्यायची. ती साचा निवडत नसते, नजर निवडत असते. तुमच्या गणपतीच्या पाटीवर आखणी करणाऱ्याचे नाव मिळवून लिहाच. आणि मूर्ती अशा उंचीवर ठेवा की डोळे पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या थोडे वर येतील. टेबलावर खाली ठेवलीत तर नजर पायांकडे जाते आणि सगळी मेहनत वाया.

पाळण्याबद्दल थोडक्यात. संखेड्याचे काम खरादी म्हणजे लाकूड कातणाऱ्या मंडळींचे, सागवान लाकडावर, चरकावर (लेथवर) कातून. रंगाच्या अस्तरावर सरसात कालवलेल्या कथिलाने वेलबुट्टी काढतात, ती अकीकाच्या दगडाने घोटतात आणि वरून लाख चढवतात. काढताना वेल रुपेरी असते, पिवळसर लाखेखाली ती सोनेरी दिसते. म्हणजे काढणाऱ्याला समोर दिसणारा रंग शेवटी राहणारा रंग नसतो, तो मनात धरूनच काम करावे लागते. कातकाम मापाचे, वेल हाताची. दोन खांबांवरची वेल शेजारी ठेवून पाहिली की हात कुठे मोकळा होता ते लगेच कळते, कारण दोन वेली तंतोतंत सारख्या नसतात.

पटोळे या सगळ्यांत अवघड, कारण तिथे हात मोकळा असा जवळजवळ कुठेच नाही. उभे आणि आडवे, दोन्ही धागे विणण्याआधीच बांधून रंगवलेले असतात. आलेखाच्या कागदावरच्या एकेका चौकोनाप्रमाणे गाठी, रंगाच्या प्रत्येक बुडीसाठी पुन्हा काही गाठी सोडायच्या आणि काही नव्या बांधायच्या. मागावर दोघे बसून दिवसाला आठ-नऊ इंच होते, तेही प्रत्येक आडवा धागा सुईने सरकवून उभ्याशी जुळवत. एका साडीला सहा महिने ते वर्ष. चूक होते ती बांधताना, आणि दिसते ती महिन्यांनी मागावर, तेव्हा काही करता येत नाही. आपल्या शेजारचे गुजराती ‘पडी पटोळे भात, फाटे पण फीटे नहीं’ म्हणतात ते अक्षरशः खरे आहे: नक्षी धाग्यातच आहे, कापड विरले तरी ती उतरत नाही. ‘स्वतःचे काही ठरवायला मिळाले तरच कला’ असा निकष लावणाऱ्यांना पटोळे बाहेर काढावे लागते, आणि ते काढताना त्यांचा स्वतःचाच हात कचरतो. माझ्या मते इथे मोकळेपणा संपूर्ण आधीच्या पायरीवर गेला आहे, आलेख आणि रंगांच्या क्रमाच्या हिशेबात. संगीताची नोटेशन लिहिणाऱ्यासारखे ते काम आहे. पटोळ्याच्या पाटीवर विणणाऱ्यासोबत बांधणाऱ्याचाही उल्लेख करा.

आणि तैलचित्र? त्यावर वाद नव्हता, पण प्रश्न त्यालाही विचारा. इथे हात बराच मोकळा आहे आणि परतीची वाटही बहुतेक ठिकाणी आहे: रंग खरवडता येतो, वरून पुन्हा काढता येतो. बांधलेला भाग आहे तो रंगाखाली. कापडाला सरस आणि अस्तर नीट नसेल तर तेल कापडात उतरते आणि ते कुजवते. खालच्या थरात तेल जास्त आणि वरच्यात कमी असे झाले तर वरचा आधी वाळतो, खालचा नंतर आकसतो, आणि काही वर्षांत चित्रावर भेगांचे जाळे उठते. म्हणजे चित्र टिकवणारी कारागिरीच आहे, फक्त ती दिसत नाही. या मुलीला अस्तर कसे केले ते विचारून पाटीवर लिहा. बडोद्याच्या फाइन आर्ट्सला हे नवे वाटणार नाही. तिथले चित्रकार के. जी. सुब्रमण्यन 1959 ते 1961 हातमाग मंडळात काम करून परत आले, आणि मातीच्या भाजलेल्या भित्तिशिल्पांपासून मेळ्यात विकायच्या खेळण्यांपर्यंत सगळे त्यांनी सारख्याच गांभीर्याने केले.

समितीत कुणी कायद्याचा मुद्दा काढला, तर 1957 चा कॉपीराइट कायदा चित्र, शिल्प, छायाचित्र यांना ‘कलाकृती’ मानताना त्यात कलागुण आहे की नाही हे पाहतच नाही, आणि कलापूर्ण कारागिरीचे कामही त्याच व्याख्येत घेतो. रेघ तो दुसरीकडे मारतो: नोंदणीयोग्य पण नोंदवलेले नाही असे डिझाइन औद्योगिक पद्धतीने पन्नासहून जास्त वेळा वस्तूंवर उतरले की त्यातला कॉपीराइट संपतो. कायद्याने संख्या मोजली, हात मोजला नाही. तेव्हा तुमच्या पाटीला त्याचा आधारही नाही आणि अडथळाही नाही.

पाटी कशी लिहावी, त्याचा एक नमुना देतो. अन्नपूर्णेसाठी: ‘अन्नपूर्णा. पितळ, मेणाचे ओतकाम. मोजमाप तालाप्रमाणे ठरलेले. मान आणि बाक घडवणाऱ्याने मेणात ठरवले. साचा फोडून काढलेली, हिची दुसरी प्रत नाही.’ चार ओळी पुरतात, आणि ‘कला’ किंवा ‘हस्तकला’ हा शब्द एकदाही लागत नाही. घडवणाऱ्याचे नाव माहीत नसेल तर ‘अज्ञात कलाकार’ असे ठोकून देऊ नका, ‘नाव नोंदलेले नाही’ असे लिहा. त्यातून घरच्यांना शोधायची इच्छा होते आणि पुष्कळदा जुन्या वहीत पावतीही सापडते.

मांडणीत चार गोष्टी सांभाळा. पटोळे आणि छापील लक्ष्मी यांच्यावर उजेड 50 लक्सच्या वर नको, मोबाइलवरच्या ॲपने अंदाज घेता येतो. पटोळे टाचण्या लावून टांगू नका. स्वच्छ सुती कापडात गुंडाळलेल्या रुळावरून सोडा, घडीच्या रेघेवर रेशीम तुटते. पाळण्यावर हॅलोजन दिवा जवळून लावू नका, लाख उन्हाने सुद्धा मऊ पडते आणि तिच्यात धूळ रुतते. आणि अन्नपूर्णा उद्घाटनासाठी म्हणून चिंच-पितांबरीने घासू नका. कितीतरी वर्षांच्या हळद-कुंकवाने आणि हातांनी ओठाखालचा तो दाब आता जेमतेम उरला असेल, एका घासण्यात आणखी थोडा जाईल.